विमान बाहेरून रंगवतात, आत कोण बघतो?

गेल्या आठवड्यात हायवेच्या खड्ड्यांवर लिहिलं, तर त्याखाली दोघा-तिघांनी विचारलं, "काका, चार महिने होता कुठे? एक पोस्ट नाही." तर सांगतो. घाटावर होतो. एका जुन्या विमानाच्या पोटात बसलो होतो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे, तेव्हा जमलं तर पूर्ण वाचा.

घाटावरच्या एका संस्थेच्या आवारात नेव्हीचं एक निवृत्त विमान उभं आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत आणि मला भांडण लावायचं नाही. विमानाचं नाव आलिझे. फ्रान्समधल्या ब्रेगे कंपनीचं. आलिझे म्हणजे फ्रेंचमध्ये व्यापारी वारे, ज्यांच्यावर पूर्वी शिडाची गलबतं चालायची ते. १९६१ साली आपली ३१० नंबरची स्क्वाड्रन फ्रान्समध्येच उभी राहिली आणि ही विमानं विक्रांतवर आली. नाकात रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. त्याची शिट्टी एकदा ऐकली की माणूस विसरत नाही.

हे लढाऊ विमान नव्हे, गस्तीचं. काम काय, तर समुद्रावर हळू हळू फिरायचं आणि पाणबुडी शोधायची. पोटातून रडारचा घुमट खाली सोडायचा. पंखांखाली चाकं मिटायचे जे फुगीर कप्पे, त्यांच्या पुढच्या भागात सोनोबॉय भरलेले. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचा कान. तो पाण्यातला आवाज ऐकतो आणि रेडिओवरून विमानाला कळवतो. आत माणसं तीन. पुढे पायलट, त्याच्या शेजारी रडारवाला, आणि मागे तिसरा माणूस, आडवा बसलेला. त्याच्यासमोर सगळी उपकरणं. विमान जातंय पुढे आणि याचं तोंड बाजूला. तासन् तास.

मी १९८१ ते ८६ या स्क्वाड्रनला होतो. उडणारा नव्हतो. एअर इलेक्ट्रिकलचा सेलर, जमिनीवरचा आणि डेकवरचा. विमान परत आलं की आमचं काम सुरू. म्हणजे त्या केबिनमध्ये मी शेकडो वेळा शिरलो असेन, पण विमान उभं असतानाच. हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध येतो.

संस्थेचा फोन आला तो असा: "तुम्ही यावर काम केलंय असं कळलं. आम्हाला आतून जरा व्यवस्थित करायचंय. पंचवीस वर्षांत आत कोणी गेलेलं नाही." मी गेलो. बाहेरून विमान चकाचक. दर काही वर्षांनी रंग लागत होता, २६ जानेवारीला हार पडत होता, पोरं समोर उभी राहून फोटो काढत होती. आत डोकं घातलं आणि पटकन बाहेर काढलं. उंदरांचा वास, कुजलेल्या फोमचा वास, आणि त्याच्या खाली कुठेतरी अजून थोडासा हायड्रॉलिक तेलाचा वास. तो शेवटचा वास आला आणि मी 'हो' म्हणून बसलो. बायकोनं विचारलं, पैसे किती देणार? म्हटलं, जेवण आणि राहायची खोली. ती काही बोलली नाही. तिला सवय आहे.

विमानाचा शत्रू ऊन-पाऊस हे सगळ्यांना कळतं. पण आतला शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. विमानाच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. दर रंगकामात रंगाऱ्यानं ती भोकं प्रामाणिकपणे बुजवली होती! बाहेरून छान दिसावं म्हणून. पंचवीस पावसाळ्यांचं पाणी आत गेलं ते तिथेच राहिलं. अॅल्युमिनियमला गंज लाल येत नाही, पांढरी भुकटी येते. बोटानं दाबलं की पापडासारखा तुकडा. जिथे जिथे लोखंडी स्क्रू अॅल्युमिनियमला लागलेला, तिथे जास्त, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हणजे एक छोटी बॅटरीच, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. पहिलं काम कुठलं केलं असेल? रंग नाही, सीट नाही. खाली झोपून तारेनं ती भोकं मोकळी केली. फ्रेमच्या फटींत अडकून राहिलेलं काळं पाणी दोन दिवस थेंब थेंब गळत होतं.

मग साफसफाई. गांधीलमाशांची तीन पोळी, एक पाखराचं घरटं, आणि कधीतरी कोणीतरी आत टाकलेलं शाळेचं प्रगतिपुस्तक. त्या पोराचे मार्क बघता त्यानं ते का टाकलं असेल हे समजलं.

आता माझी चूक.

मी जुना माणूस. मला वाटलं, साफ म्हणजे साफ. पहिल्याच आठवड्यात थिनर आणि फडकं घेऊन मागच्या माणसाच्या जागेवरचं सगळं पुसून काढलं. समोरचं पॅनेल, बाजूची पत्र्याची भिंत, टेबलाची खालची कड. कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या. मला वाटलं, कोणी पोरानं मारल्या असतील, किंवा सुटे भाग मोजताना आमच्यापैकीच कोणी. पुसल्या. दोन मिनिटांचं काम.

आठ दिवसांनी माझी भाची आली. ती म्युझियममध्ये संवर्धनाचं काम करते, तेच शिकलीय. आत शिरली, पाच मिनिटं गप्प बसून सगळं बघितलं आणि विचारलं, "मामा, पुसण्याआधी फोटो काढले होते ना?"

मी म्हटलं, मळाचे कसले फोटो?

ती भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं नियम घातले. कशालाही हात लावायच्या आधी फोटो. प्रत्येक स्क्रू निघाला की वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नंबर, तोच नंबर फोटोवर. थिनर बंद, आधी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, नाही निघालं तर पुढचं. नवीन काही घातलं तर ते नवीन आहे हे नंतर येणाऱ्याला कळलं पाहिजे. "मामा, आपल्याला विमान नवीन नाही करायचंय. आहे ते पुढच्या माणसापर्यंत पोचवायचंय." पस्तीस वर्षांच्या पोरीकडून हे ऐकताना जरा लागलं. पण खरं होतं.

दोन धोक्याच्या गोष्टी सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे चौकाचौकात जुनी विमानं उभी आहेत आणि उत्साही लोक खूप. एक, आतला जुना हिरवट-पिवळा प्रायमर. तो क्रोमेटचा असतो, विषारी. कोरडा घासला की धूळ थेट फुफ्फुसात. पाणी मारून, मास्क लावूनच घासायचा, आणि गरज नसेल तर घासूच नये. दुसरं, जुन्या मीटरचे आकडे. त्या काळात अंधारात दिसावेत म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग लावायचे. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियम तिथेच असतं. कॉलेजचे एक फिजिक्सचे सर रेडिएशन मीटर घेऊन आले. बाकी सगळीकडे शांत, आणि दोन डायलांसमोर मीटर कडकड वाजायला लागलं. काच फोडायची नाही, डायल उघडायची नाही, जिथे आहे तिथेच सील करायची, वरून अॅक्रिलिकचं झाकण आणि सूचना. झालं. पण कोणी हौशी पोरानं ती डायल उघडून ब्रशनं साफ केली असती तर?

वायरिंग माझं खातं. उंदरांनी जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला होता. त्या काळच्या विमानात वायरींच्या जुड्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं नाही, मेण लावलेल्या दोरीनं बांधायचे. ठरावीक अंतरावर ठरावीक गाठ. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ती गाठ नीट येईपर्यंत जेवायला सोडत नसत. माझी बोटं आता तेवढी चालत नाहीत. म्हणून गावातून एकाला बोलावलं. जाळी विणणारा. त्याला एक गाठ दाखवली, दुसऱ्या गाठीला तो माझ्यापुढे गेला. म्हणाला, "ही तर आमचीच गाठ, फक्त दोरी बारीक." मलाही चाळीस वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं. तीन दिवसांत त्यानं सगळ्या जुड्या बांधल्या. वीज त्यातून कधीच जाणार नाही, पण बघणाऱ्याला कळेल की कसं असायचं.

सीटचं काम केलं आमच्या बाजारातल्या रिक्षाच्या सीट शिवणाऱ्या पोरानं. त्यानं मागच्या सीटचं फाटलेलं कव्हर हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाला, "काका, ही शिलाय मशीनची नाय. हातान घातलेली आसा." खरंच, एका कडेला हाताचे टाके होते, जाड दोऱ्याचे, वाकडेतिकडे. म्हणजे कधीतरी, बहुतेक बोटीवरच, कोणा सेलरनं फाटलेलं कव्हर सुई-दोऱ्यानं शिवलं होतं. मी विचारलं, नवीन घालायला किती वेळ? "नवा घालूक दोन तास. ह्या जपूक दोन दिस." दोन दिवस घेतले त्यानं. जुन्या कापडाला आतून नवीन कापडाचा आधार दिला, कुजलेला फोम काढून नवा घातला, आणि ते वाकडे टाके तसेच ठेवले. पैसे घेताना रिक्षाच्या सीटचेच लावले.

अशी तीन महिने गाडी रुळावर होती. मग मीटिंग झाली.

संस्थेला उद्घाटन करायचं होतं. त्यात काही गैर नाही. पण मीटिंगमध्ये ठरलं की मागची सीट आणि टेबल काढून टाकायचं, म्हणजे तिथे दोन माणसं उभी राहून फोटो काढू शकतील. पॅनेलला काळा रंग, आत निळे एलईडी, आणि पायलटच्या जागी पुतळा. एक जण म्हणाला, "मागे बसून तो माणूस करायचा काय? लोकांना पायलट बघायचा असतो."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मीटिंगमध्ये मला कधीच सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. इतकंच म्हटलं की आठ दिवस थांबा, एका माणसाला आणतो.

तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला. वय शहात्तर. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. आलिझेमध्ये मागे बसणारे एअरक्रूमन. गुडघे गेलेले, कानाला यंत्र. डार्टच्या शिट्टीची मेहेरबानी, असं ते स्वतः म्हणतात. घाट चढून गाडीनं नेलं. दोघांनी धरून आत चढवलं. सीटवर बसले, तोंड बाजूला करून, जसं बसायचे तसं. मग डोळे मिटले आणि उजवा हात वर नेला. हात बरोबर एका स्विचवर गेला. तिथून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. चाळीस वर्षांनी, डोळे मिटून. मीटिंगमधली चार माणसं खाली उभी राहून बघत होती. एकाचाही मोबाईल वर नव्हता.

बोलायला लागले. म्हणाले, रात्रीची गस्त असली की समोर फक्त स्क्रीनचा उजेड. खाली पाणी, वर आभाळ, दोन्ही काळं. पुढच्या दोघांना निदान काचेतून क्षितिज दिसायचं, मला काही नाही. आडवं बसल्यामुळे नवीन पोरं ओकायची. चार तास काही सापडायचं नाही. दहापैकी दहा वेळा काही सापडायचं नाही. "आणि काही सापडलं नाही म्हणून आपण नापास असं वाटायचं. नंतर कळलं, काही सापडलं नाही हेच तर काम. तुमच्या किनाऱ्यावर कोणी आलं नाही, हे सांगायला कोणीतरी जाऊन बघून यावं लागतं."

मग त्यांनी हात टेबलाच्या खालच्या कडेला नेला. बोटं फिरवली. परत फिरवली. आणि मला विचारलं, "इथे रेघा होत्या. मागे बसणारे सगळे मारायचे. एक उड्डाण, एक रेघ. उतरलो की मारायची. माझ्या आधीच्याही होत्या. गेल्या कुठे?"

मी त्यांना खोटं सांगू शकलो असतो. पावसानं गेल्या, उंदरांनी गेल्या. सांगितलं खरं. मी पुसल्या. थिनरनं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाऊ दे. तुला कुठे माहीत होतं?" आणि तेच जास्त लागलं. मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. पाच वर्षं त्या विमानाखाली काढली, पण मागे बसणाऱ्याला हे कधी विचारलं नाही की तू इथे बसून काय करतोस.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये असंच एक आलिझे गुजरातच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानी स्टारफायटरनं पाडलं. आत तीन माणसं होती, तिन्ही परत आली नाहीत. मीटिंगमध्ये ज्याच्याबद्दल विचारलं होतं की तो करायचा काय, तसा एक त्या तिघांत होता.

सीट राहिली. टेबल राहिलं. निळे एलईडी लागले नाहीत, साधा पिवळा दिवा लागला. पुतळ्यावरून अजून वाद आहे. उद्घाटनाचा फ्लेक्स मात्र लागलाच, त्यावर सतरा फोटो, त्यात एकही आलिझेवाला नाही. असो. भाचीनं सुचवल्याप्रमाणे मागच्या बाजूचा वीतभर पत्रा आम्ही अजिबात साफ केलेला नाही. मळ, तेल, जुना रंग, सगळं जसंच्या तसं. त्याच्या शेजारी छोटी पाटी आहे: टेबलाच्या कडेवर उड्डाणांच्या पेन्सिल-नोंदी होत्या, त्या सफाईत चुकून पुसल्या गेल्या. पाटी मीच लिहून दिली. संस्थेला नको होती. म्हटलं, मग माझं नाव घाला खाली, पण पाटी लावा.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे घाटावरचं रामायण आम्हाला कशाला?

विक्रांत आठवतं? १९७१ मध्ये जिच्यावरून ही विमानं बंगालच्या उपसागरात गेली ती. १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ ला सुरक्षेच्या कारणानं बंद, २०१४ मध्ये भंगारात. तिच्या पोलादातून मोटरसायकली निघाल्या. मग विराट. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ८५२ कोटींचा आराखडा मंजूर केला. कुठे? आपल्या निवतीजवळ. त्या दिवशी आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या होत्या, मी पण टाकली होती, पेढ्याच्या फोटोसकट. सप्टेंबर २०२० मध्ये विराट अलंगला गेली, तोडायला. आता गुलदार आहे, जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेली, पाण्याखालचं संग्रहालय म्हणून निवतीच्याच समुद्रासाठी दिलेली. चांगलं आहे. डायव्हिंगवाल्या पोरांना काम मिळेल, मासे येतील. मी विरोधात नाही.

पण माझा प्रश्न छोटा आहे. त्या बोटीच्या आत जी माणसं राहिली, त्यांना कोणी विचारलं का? कुठल्या बंकवर कोण झोपायचा, भटारखान्यात चहा कसा व्हायचा, इंजिनरूममध्ये कुठल्या पाइपाला हात लावायचा नाही, हे कोणी लिहून घेतलं का? मोठी वस्तू ठेवायला कोटी लागतात, ते आपल्या हातात नाही. पण आतली गोष्ट ठेवायला एक वही आणि एक मोबाईल लागतो. तेही आपण करत नाही आणि मग दहा वर्षांनी सरकारला शिव्या घालतो.

आपल्या जिल्ह्यात नेव्हीतून आलेली माणसं गावोगाव आहेत. बहुतेक आता साठीच्या पुढे. ओटीवर बसलेली असतात, कोणी विचारत नाही म्हणून बोलत नाहीत. बोलली तर घरातले म्हणतात, झाली यांची नेव्ही सुरू. माझ्या घरीही म्हणतात.

तर काम एवढंच. तुमच्या घरात, वाडीत, असा कोणी असेल तर या रविवारी जाऊन बसा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावा. 'शौर्य' वगैरे विचारू नका, ते लाजतात किंवा फुगवून सांगतात. विचारा: तुम्ही नेमके कुठे बसायचात? हाताशी काय असायचं? वास कसला यायचा? कंटाळा आला की काय करायचात? एवढे चार प्रश्न पुरेत. जुने फोटो असतील तर आतले शोधा, डेकवर उभं राहून काढलेले सगळ्यांकडे असतात. आणि सापडलं की लगेच स्वच्छ करू नका! आधी फोटो काढा.

विशेष म्हणजे आलिझेत मागे बसणारा कोणी ओळखीचा असेल, तर मला मेसेज करा. त्या टेबलाच्या कडेला किती रेघा होत्या, ते आता मला कोणीच सांगू शकणार नाही. पण मारणाऱ्यांपैकी जे आहेत, त्यांची नावं तरी पाटीवर घालू.